दुसरा गियर कधी टाकायचा

गाडी शिकवणारी माणसं ओरडतात अशी माझी पक्की समजूत होती, आणि ती मी रडून मिळवलेली होती. मावशी ओरडत नसत. खरं म्हणजे त्या गाडीत बोलतच नसत. डाव्या सीटवर मांडीवर सूप घेऊन बसायच्या, शिकवणाऱ्याचा जो जादा ब्रेक असतो त्यावर उजवा पाय, आणि सगळं लक्ष सुपातल्या सुक्या जवळ्यात. जवळ्यातल्या काड्या, शिंपल्यांचे तुकडे, वाट चुकून आलेली एखादी बारीक मांदेली, असं एकेक चिमटीनं उचलून त्या खिडकीबाहेर टाकत. मी त्यांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरून स्टिअरिंग वळवत असे आणि त्या मान वर करून रस्त्याकडे बघतसुद्धा नसत.

त्यांची मार्क द्यायची पद्धतही सुपातलीच होती. गाडी झटक्यानं थांबली की जवळा सांडायचा. शिकवणी संपली की मावशी पायाशी वाकून बघत आणि निकाल सांगत.

"आज मूठभर सांडलास गो. काल पसाभर सांडला होता. बरी हायेस."

पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, गियर कधी बदलायचा, क्लच किती सोडायचा, स्पीड किती झाला की काय करायचं. त्यांनी जवळा निवडता निवडता एवढंच सांगितलं, "ऐक. गाडी बोलते. ती काय बोलते तसं कर." मला वाटलं, बाई पोचलेल्या दिसतात. मी घरी जाऊन नवऱ्याला हे वाक्य ऐकवलं. तो म्हणाला, "फी परत मागून बघ."

मी फी परत मागणार नव्हते, कारण माझ्याकडे वेळ नव्हता. मी अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं काम अकरा वर्षं करत होते. उन्हातान्हात, बसमधून, खांद्याला बर्फाची पेटी लावून. त्या वर्षी एरिया सुपरवायझरची जागा निघाली. कंपनीची गाडी मिळणार होती, अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. साहेबांनी सांगितलं, अमुक शनिवारपर्यंत ड्रायव्हिंगची टेस्ट पास झाल्याचं दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. तो दुसरा माझ्याहून बारा वर्षांनी लहान होता आणि त्याला रक्ताची नस सापडायला तीन वेळा सुई टोचावी लागायची. मला ती जागा हवी होती. आमच्या घराण्यात सायकलपलीकडे कुणी काही चालवलं नव्हतं. वडील बुलढाण्याहून घाटकोपरला आले ते चालत फिरले आणि चालतच रिटायर झाले. एकदा टेस्टला नापास होऊन, आधीच्या ओरडणाऱ्या मास्तराला रामराम करून, मी वेसाव्याच्या बाजूला मावशींकडे आले होते. दुसरी टेस्ट शुक्रवारी होती. शनिवारी साहेब.

मावशी मूळच्या कोळीवाड्यातल्या. तरुणपणी त्या बंदरावरून बाजारात मासळीचा टेम्पो न्यायच्या. मासळीवाल्या बाईला सगळी मुंबई मावशी म्हणते, त्या गाडी शिकवायला लागल्या तरी ते नाव सुटलं नाही. "मॅडम बोला" असं त्यांनी सुरुवातीला एक महिना सगळ्यांना सांगून पाहिलं म्हणे, मग स्वतःच मॅडम म्हटल्यावर ओ द्यायला विसरू लागल्या. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की त्यांची बहीण बाजारात सुकी मासळी विकायची. तिचा जवळा निवडून द्यायचं काम मावशींकडे. शिकवणी आणि निवडणं एकाच वेळी उरकायचं हा त्यांचा हिशेबी स्वभाव. त्यामुळे मी गाडी शिकत होते त्या दिवसांत माझ्या ओढणीला, पर्सला, केसांना जवळ्याचा वास असे. लॅबमधली माणसं दिवसभर कसल्या कसल्या डब्या उघडतात ते मी इथे सांगत नाही. पण त्याच माणसांनी नाकाला रुमाल लावून माझी तक्रार केली.

हॉर्न वाजवायला मावशींची सक्त बंदी होती. "हॉर्न म्हंजे शिवी हाय. एकदाच द्यावी, पन पोचली पायजे." कुणी घाबरून मधेच ब्रेक दाबला की त्या जवळ्यातून मान न काढता म्हणत, "ब्रेक माझ्या पायाखाली हाय. मग भीती तू कशाला धरून बसलीस?" ही वाक्यं मी अजून वापरते, रक्त काढून घ्यायला घाबरणाऱ्या लोकांसाठी थोडी बदलून.

आणि एसी. एसी त्यांनी कधीच लावला नाही. बाहेर जुलैची दमट हवा, चारही काचा धुरकट, मावशी अर्धा कापलेला बटाटा काढून काचेवर चोळायच्या, पण एसीचं बटण दाबायच्या नाहीत. मला वाटायचं पेट्रोल वाचवतात. नंतर कळलं, गाडी नवी असताना एकदा लावला होता, तेव्हा समोरच्या जाळीतून आलेल्या वाऱ्यानं दोन किलो जवळा मागच्या सीटवर बसलेल्या एका वकिलाच्या अंगावर उडाला होता.

आता त्या गाडीचा आवाज. तो न सांगता मावशींबद्दल काही सांगणं म्हणजे अर्धवट सांगणं. गाडी सुरू केली की बॉनेटखालून एक गुरगुर यायची. ॲक्सिलरेटर दाबला की गुरगुरीचं कण्हणं व्हायचं, कण्हण्याचा सूर चढत जायचा, आणि शेवटी अशी काही "कींऽऽ" निघायची की फुटपाथवरची कुत्री उठून बाजूला होत. सकाळी सातला आमची शिकवणी सुरू व्हायची. त्या रस्त्यावरच्या आया मुलांना म्हणायच्या, "उठ, मावशीची गाडी गेली, शाळेची बस येईल." एका सोसायटीच्या सेक्रेटरीनं लेखी तक्रार दिली होती, तर त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या एकानं त्याच्याखाली लिहिलं की या आवाजानं मला जाग येते, कृपया बंद करू नये.

त्या वेळी आम्ही तिघं एकत्र शिकत होतो. मी, पोस्टातून रिटायर झालेले एक काका आणि एक डेंटिस्ट मुलगी. एकाची पाळी चालू असताना बाकीचे दोघं मागे बसायचे. त्या दोघांची टेस्ट सोमवारी होती, माझी शुक्रवारी. डेंटिस्ट मुलगी म्हणायची, दिवसभर माझं ड्रिलिंग मशीन ऐकून इथे आले की विश्रांती वाटते. ही मुलगी सोडली तर आवाज सगळ्यांनाच छळत होता.

एके दिवशी शिकवणी चालू असताना आम्ही सिग्नलला थांबलो तर शेजारच्या स्कूटरवरचा माणूस खाली उतरून बॉनेटला कान लावून उभा राहिला. तो मालवणी होता आणि जवळच्याच औद्योगिक वसाहतीत त्याचं गॅरेज होतं. त्यानं मावशींना गाडी बाजूला घ्यायला लावली, बॉनेट उघडलं आणि निकाल दिला.

"मावशी, तुमच्या एसीच्या कंप्रेसराचां बेरिंग गेलां हा. पुलीतलां."

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

"एसी मी लावतच नाय. सात वर्सं नाय लावला. मग एसीचं बेरिंग कसं जाईल?"

"तुमी एसी लावा नायतर नको लावा, पुली फिरतलीच. इंजिनाच्या पट्ट्यावर आसा ती. एसी लावलो की पुढची प्लेट तिका चिकटता, तेवाच कंप्रेसर फिरता. बाकी येळ पुली आपली एकटीच फिरता. आणि ती ज्याच्यावर फिरता ताच बेरिंग सुकलां."

"म्हंजे मी घरात बसली हाय, आनि माझ्या नावानं भलतीच कोनतरी वरातीत नाचते?"

"तसांच. आणि एक दिवस नाचता नाचता अडकतली. पुली अडकली की पट्टो तुटतलो, पट्टो तुटलो की गाडी थंयच उभी."

मावशींनी त्याला एक मूठ निवडलेला जवळा कागदात बांधून दिला, आभार मानले आणि गाडी पुढे काढायला सांगितली. बेअरिंगचा विषय त्यांच्यापुरता तिथेच संपला. मी दोनतीनदा काढून पाहिला. "चालते ना गाडी? मग?" एवढंच उत्तर.

पण माझ्या डोक्यात ते "थंयच उभी" बसलं होतं. शुक्रवारी, टेस्टच्या मैदानात, इन्स्पेक्टर शेजारी बसलेला असताना पट्टा तुटला तर? माझी अकरा वर्षं त्या एका पट्ट्यावर लोंबकळत आहेत असं मला वाटायला लागलं. रात्री नवरा घोरायला लागला तरी मला पुली ऐकू यायची.

त्याच आठवड्यात बुधवारी गुरुपौर्णिमा होती. मावशी आदल्या दिवशी उत्तनला भाचीच्या मुलाच्या बारशाला जाणार होत्या, बुधवारी संध्याकाळी परत. गाडी धुऊन ठेवायला म्हणून किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. आणि मला ती कल्पना सुचली. मी काकांना आणि डेंटिस्ट मुलीला सांगितलं की गुरुदक्षिणा म्हणून आपण मावशींच्या गाडीचं बेअरिंग बदलून देऊ. काकांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, पोस्टात एवढी वर्षं काढली, असा विचार कुणाला सुचला नाही. मलाही माझं फार कौतुक वाटलं. त्यात माझा स्वार्थ किती आणि भक्ती किती हे मी त्या वेळी वेगळं करून पाहिलं नाही.

आम्हा तिघांकडेही शिकाऊ लायसन्स, त्यामुळे मालवणी स्वतः येऊन गाडी घेऊन गेला आणि आम्ही रिक्षानं त्याच्या मागे. काम बघायला तिघं ओळीत उभे राहिलो. त्यानं पट्टा उतरवला, पुढची प्लेट खोलली, एक गोल कडी चिमट्यानं फाकवून काढली आणि पंज्यासारखं हत्यार लावून पुली ओढून बाहेर आणली. काकांनी दोनदा विचारलं की यात गॅस जाणार नाही ना. तो म्हणाला, गॅसच्या नळीला मी हातसुद्धा लावत नाही, जो कुणी या कामाला अख्खा कंप्रेसर बदला म्हणून सांगेल त्याच्या दारात उभं राहू नका. मग त्यानं पुली माझ्या हातात दिली. बोटानं फिरवली तर आत वाळू भरल्यासारखी खरखर. जुनं बेअरिंग ठोकून काढलं, नवं प्रेसमध्ये दाबून बसवलं, प्लेट आणि पुलीमध्ये कागदाएवढी फट ठेवून सगळं परत जोडलं. गाडी सुरू केली. काहीच ऐकू आलं नाही. आम्हाला वाटलं सुरू झाली नाही. डेंटिस्ट मुलीनं टाळ्या वाजवल्या.

बुधवारी संध्याकाळी आम्ही गाडीला झेंडूचा हार घातला, मावशींच्या पाया पडलो आणि किल्ली दिली. मावशींनी गाडी सुरू केली. कान टवकारले. बंद केली. पुन्हा सुरू केली.

"झोपली काय गो ही?"

मी सांगितलं काय केलं ते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मला तेव्हाच जाणवायला हवं होतं की ते पाणी थोडं गोंधळलेलं आहे.

गुरुवारी सकाळी सातला मी गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी टेस्ट. पहिला गियर टाकला, गाडी निघाली, आणि मी वाट बघत राहिले. कशाची, ते मला कळत नव्हतं. गाडी पहिल्यातच रडत, हिसके देत पुढे जात राहिली. मग मी घाईघाईनं थेट तिसरा टाकला. गाडी बंद. पुन्हा सुरू केली. बंद. त्या एका रस्त्यावर, जिथे मी दीड महिना रोज चालवत होते, मी गाडी चौदा वेळा बंद पाडली. मागून बसवाला जे बोलला त्यात माझ्या आईवडिलांचा उल्लेख होता. सुपातला जवळा सगळाच्या सगळा खाली. मावशींचं सूपच उलटं झालं होतं, कारण त्यांनी जादा ब्रेक तीनदा भलत्याच वेळी मारला होता.

मग काका बसले. त्यांचीही तीच गत. डेंटिस्ट मुलीनं गाडी दुसऱ्यात घातली ती दुसऱ्यातच ठेवली आणि रडायला लागली.

मावशींनी गाडी झाडाखाली घ्यायला लावली. स्पीडच्या काट्यावर त्यांनी एकवीरा आईचा फोटो चिकटवला होता, त्याला त्यांनी हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुसरा गियर तू कवा टाकायचीस?"

मी म्हटलं, "स्पीड आला की."

"काटा तर आईच्या मागे हाय. स्पीड आला हे तुना कसं कळायचं?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कींऽऽ."

मागच्या सीटवरून काकांनी पण काढलं, "कींऽऽ." डेंटिस्ट मुलीनं नाक पुसत मान हलवली. गुरगुर असली की पहिला, कण्हणं चढलं की दुसरा, कीं झाली की तिसरा. आम्ही तिघंही गाडी शिकलोच नव्हतो. आम्ही बेअरिंग शिकलो होतो. इंजिनाचा खरा आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो आणि तो परक्या भाषेतला होता.

"आनि मी?" मावशी हळूच म्हणाल्या. "मी तरी कुठं रस्त्याकडं बघत होती? तुमी नीट चालवता का नाय ते मना त्याच आवाजावरनं कळायचं. माझा पाय कानानं चालत होता गो."

मला वाईट वाटलं, हे खरंच. पण त्याहून जास्त मला राग आला. स्वतःचा, मालवण्याचा, गुरुपौर्णिमेचा. उद्या टेस्ट होती आणि मी माझ्या हातानं, हार घालून, स्वतःची वाट लावून घेतली होती.

मावशींनी काकांना आणि डेंटिस्ट मुलीला घरी पाठवलं आणि गाडी स्वतः चालवत सरळ गॅरेजवर नेली. मालवण्याला म्हणाल्या, "जुनं बेरिंग परत बसव."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "आजवर गाडी बरी कर म्हणान लोक इले. बिघडव म्हणान तुमीच पयल्या." मग त्यानं डब्यातून जुनं बेअरिंग काढून दाखवलं. ठोकून काढताना त्याच्या दोन कड्या वेगळ्या झाल्या होत्या आणि छर्रे डब्याच्या तळाशी पडले होते. "ता आता बसाचां नाय, मावशी."

परत येताना रस्ता जरा मोकळा लागला तशा त्यांनी गाडी थांबवली, मला चालवायला बसवलं, सूप उचलून डिकीत टाकलं आणि डाव्या सीटवर ताठ बसल्या. मी पहिला गियर टाकला. आणि मावशींच्या नाकातून गुरगुर सुरू झाली.

ती हुबेहूब होती. सात वर्षं रोज ऐकलेली वस्तू, चूक व्हायला जागाच नव्हती. मी ॲक्सिलरेटर दाबला, मावशींचा सूर चढला, कण्हणं आलं, माझा हात आपोआप दुसऱ्यावर गेला. त्या दिवशी मी लॅबला खोटं सांगून सुट्टी टाकली आणि आम्ही दोघींनी दुपारपर्यंत गाडी चालवली. गाडी एकदाही बंद पडली नाही. फक्त मावशींना मधे मधे दम लागायचा, तेव्हा मी वेडीवाकडी जायचे. दीड महिन्यात त्या जेवढं बोलल्या नव्हत्या तेवढा आवाज त्यांनी त्या एका दिवसात काढला. शेवटी गरम पाण्याच्या गुळण्या केल्या आणि म्हणाल्या, "उद्या मी बाजूला बसतेच हाय. घाबरू नको."

शुक्रवारी मैदानात इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, गाडीत फक्त उमेदवार आणि मी. मावशींना खाली उतरायला लागलं. त्या दार उघडून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे अशा काही बघत होत्या की मीच त्यांना धीर द्यावा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

लॅबमधल्या सवयीनं मी तोंडाला मास्क लावून आले होते. इन्स्पेक्टरसाहेब शेजारी बसले, कागद काढला आणि म्हणाले, "घ्या."

मी पहिला गियर टाकला. आणि मास्कच्या आत, तोंड मिटून, नाकातून गुरगुरायला लागले. लाज वगैरे काही वाटली नाही. मला ती जागा हवी होती. गाडी निघाली. सूर चढवला, दुसरा टाकला. कीं काढली, तिसरा टाकला. वळणावर सूर उतरवला, परत दुसरा. आठचा आकडा काढला. चढावर थांबून, कण्हत कण्हत, गाडी मागे न सरकवता पुढे काढली.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. एसीचं बटण दाबलं, कान दिला. माझं कण्हणं चालू. एसी बंद केला, कान दिला. तरी चालू. मला थांबता येत नव्हतं, थांबले असते तर गाडी थांबली असती. त्यांनी पुन्हा एकदा लावून बघितला. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मी इंजिन बंद केलं आणि त्याबरोबर गप्प झाले.

"चालवलीत छान," ते म्हणाले. "पास आहात. पण एसी लावला तरी आवाज, बंद केला तरी आवाज. कंप्रेसरच्या पुलीचं बेअरिंग गेलंय. लवकर बदलून घ्या, नाहीतर एक दिवस रस्त्यात उभी राहील."

"हो साहेब," मी म्हटलं.

मी धावतच भिंतीपाशी गेले आणि मावशींना मिठी मारली. साहेब काय म्हणाले ते सांगितलं. मावशी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "माझा गळा बसलाय गो. उद्या तुझ्या लॅबच्या साहेबांना भेटून झालास की ये. परवा पन ये. त्या दोघांची टेस्ट सोमवारी हाय."

शनिवारी मला सुपरवायझरची जागा मिळाली. आणि टेस्ट पास झाल्यानंतरचे माझे पहिले दोन दिवस मी मावशींच्या गाडीत मागच्या सीटवर बसून, एसीच्या कंप्रेसरचं बेअरिंग म्हणून काढले.